कुंडीतला वाटाणा

बडोद्याहून उत्तरेला तीसेक किलोमीटर गेलं की सावली गाव लागतं. गावाला मोठा तलाव आहे आणि गायकवाड घराण्याच्या अगदी आरंभाशी जोडलेली स्मारकमंदिरं आहेत. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोरला दग्याने खून झाला आणि त्यांना अग्नी दिला गेला तो सावलीला. त्यांच्या आणि त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या स्मरणार्थ इथे देवळं उभी राहिली. बडोद्याच्या मराठी घरांचा इतिहास मागे मागे उलगडत गेलं, की वाट कधीतरी या तलावाच्या काठाशी येते.

आज सावली तालुक्याचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं. मंजुसरची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे. दिल्ली मेट्रोचे डबे जिथे बनले तो बाँबार्डियर कंपनीचा कारखानाही इथलाच. २०२१ मध्ये तो आल्स्टॉमकडे गेला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लोकल गाड्या इथे तयार झाल्या आणि दिल्ली-मेरठ मार्गावरची ‘नमो भारत’ गाडीही इथूनच गेली. पाळी सुटली की रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागते. त्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींकडे आयटीआयचं प्रमाणपत्र असतं, डिप्लोमा असतो, नाहीतर अभियांत्रिकीची पदवी.

त्यांच्यातल्या कुणालाही पडावा असा एक साधा प्रश्न घेऊ. मेट्रोच्या डब्याचं दार पुरतं लागल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. का हलत नाही? गाडीला कसं कळतं की सगळी दारं लागली?

जो विद्युत अभियांत्रिकी शिकला आहे, त्याला उत्तराला लागणारं सगळं मूळ ज्ञान पहिल्याच वर्षात मिळालेलं असतं. तरी बहुतेकांना उत्तर सांगता येत नाही, कारण हा प्रश्न पेपरात आलेला नसतो. पदवी माणसाला कारखान्याच्या फाटकापर्यंत आणून सोडते. आतलं शिकायला स्वतःलाच बसावं लागतं. आणि माझं म्हणणं पुढचं आहे. स्वतः शिकणाऱ्याला एकटं सोडून चालत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी दार उघडं ठेवावं लागतं, हत्यार हाताळू द्यावं लागतं, चुकलं तर सांगावं लागतं. बडोदे संस्थानाने सव्वाशे वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. सावली त्याच संस्थानातला तालुका, म्हणून ही गोष्ट इथून सांगायला घेतली.

आपल्याकडे या शिकण्याला जुना शब्द आहे, स्वाध्याय. आज शाळेच्या पुस्तकात धड्याखाली प्रश्न असतात, त्यांना आपण स्वाध्याय म्हणतो आणि शब्द तिथेच संपतो. मूळ जागा पाहिली तर तो वेगळ्याच वळणावर येतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू घरी निघालेल्या शिष्याला निरोपाचा उपदेश करतो. वेद शिकवून झालेले आहेत, आश्रमातलं शिक्षण पुरं झालेलं आहे. अशा वेळी गुरू त्याला सांगतो की आता स्वाध्यायात हयगय करू नकोस. गुरूकडचं शिकणं आणि स्वतःचं शिकणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, असं तो गुरू धरून चालला आहे. पहिलं संपलं की दुसरं सुरू होतं, आणि पहिल्याच्या पायावरच उभं राहतं.

बडोद्यात हे धोरण झालं ते एका अशा माणसामुळे, ज्याने स्वतः उशिरा शिकायला सुरुवात केली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. एफ. ए. एच. एलियट हे त्याचे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असा सगळा अभ्यास एकदम अंगावर आला. १८८१ च्या डिसेंबरमध्ये राज्यकारभार हाती आला, पण वाचन थांबलं नाही, ते आयुष्यभर चाललं. ज्याला वयाच्या बाराव्या वर्षी अक्षरओळख झाली, त्याला अक्षराची किंमत जन्मापासून पुस्तकांत वाढलेल्या माणसापेक्षा जास्त कळली असणार, असं मला नेहमी वाटतं.

सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. चौथी झालेलं मूल शेतावर परत जातं, हाती पुस्तक येत नाही, आणि पाच-सात वर्षांत शिकलेलं विसरून जातं. शाळा काढून अर्धंच काम झालं होतं.

सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. राजवाड्यातली महाराजांची स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. बॉर्डननी ग्रंथपालांसाठी वर्ग चालवला. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतलं ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक १९१२ मध्ये निघालं. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ही धुरा उचलली. गावोगावच्या वाचनालयांसाठी मोतीभाई अमीन यांनी जन्म वेचला. नियम सोपा होता. गावाने जितकी वर्गणी गोळा करायची, तितकीच रक्कम स्थानिक मंडळाने घालायची आणि तितकीच सरकारने. म्हणजे वाचनालय हवं ही इच्छा आधी गावाची असली पाहिजे. मला या नियमातलं शहाणपण फार मोठं वाटतं. फुकट वाटलेलं पुस्तक कपाटात राहतं. ज्यासाठी गावाने चार घरं फिरून पैसे जमवले, ते पुस्तक उघडलं जातं.

आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पेटी जायची. पंधरा ते तीस पुस्तकांची मजबूत लाकडी पेटी, मागणाऱ्या गावाला फिरत्या वाचनालयातून मिळायची. रेल्वेचं भाडं सरकार भरायचं. काही महिन्यांनी ती परत जायची आणि दुसरी यायची. पंधरा पुस्तकं म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण ती कुणीतरी निवडलेली पंधरा असत, आणि ती ठरावीक दिवशी परत जाणार असत. पेटी परत जायच्या आधी वाचून होईल का, ही घाई वाचकाला असायची. अशी घाई आज मिळत नाही, आणि ती नसल्यामुळे काय बिघडतं ते पुढे पाहू.

बडोद्याच्या त्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर वाचत बसायचा. त्याचे वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते. विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. त्यांनीच सांगितलेली आठवण आहे. उकाडा होता म्हणून ते अंगातला सदरा काढून वाचत होते. तिथल्या माणसाने हरकत घेतली, मुलगा ऐकेना, शेवटी त्याला साहेबापुढे नेलं. साहेब खुर्चीत, मुलगा उभा. रीतभात कळत नाही का, असं विचारल्यावर मुलाने उत्तर दिलं, की आमच्याकडे समोरच्याला उभं ठेवून आपण बसून राहणं ही रीत समजली जात नाही. साहेबाने त्याला बसायला खुर्ची दिली. विनोबांची ही गोष्ट त्यांच्या बाणेदारपणासाठी सांगितली जाते. मला तीत ग्रंथालयही दिसतं. कपाटापर्यंत जाऊन हवं ते पुस्तक काढायची मोकळीक एका शाळकरी मुलाला होती, आणि वरच्या अधिकाऱ्याला त्या मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावंसं वाटलं.

विनोबांच्या नावाने दुसरीही एक गोष्ट सांगितली जाते आणि तिचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. त्यांनी आपली प्रमाणपत्रं आईच्या चुलीत जाळली. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले ते सुरतेला उतरून काशीला गेले. ‘बघा, कॉलेज सोडलं आणि मोठे झाले,’ असं तरुण मुलांना सांगायला ही गोष्ट वापरतात. पण पुढे काय झालं? गांधीजींच्या आश्रमात आल्यावर विनोबांनी वर्षभराची रजा मागितली आणि वाईला जाऊन नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञपाठशाळेत उपनिषदं, गीता आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं शिकले. ज्याने कॉलेज सोडलं तो उत्तम गुरू शोधत वाईपर्यंत गेला. परीक्षा त्यांना नको होती. जाणकारापुढे बसणं त्यांना हवंच होतं. एकट्याने वाचून जिथे अडेल तिथे कुणापाशी जायचं हे ज्याला कळतं, त्याचा स्वाध्याय तरतो.

आता या गोष्टीच्या मुख्य माणसाकडे येतो.

१८९० मध्ये बडोद्याला कलाभवन सुरू झालं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्याचे कर्ते. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, बांधकाम, चित्रकला असे विषय तिथे हातांनी शिकवले जात. हे सगळं मातृभाषेतून शिकवता आलं पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या नावाने शास्त्रीय पुस्तकं तयार करवून घ्यायचं काम संस्थानाने काढलं. गज्जरांच्या हाताची कसोटी पुढे मुंबईने पाहिली. व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं आणि ते कशाने निघेना. दामोदर चापेकरांनी ते आपलं काम असल्याचं पुढे सांगितलं. गज्जरांनी ते डाग रसायनांनी काढून दाखवले. योगायोग असा, की तो पुतळा मुंबईला दिला होता बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी. आज कलाभवनाची वास्तू महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे आहे.

या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा तरुण आला. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकला होता. म्हणजे रीतसर शिक्षण त्याच्याकडे होतं. बडोद्याला त्याने तैलरंग, जलरंग, वास्तुकला, मूर्तिकाम यांत हात घातला, आणि छायाचित्रणाचा नाद लागल्यावर त्याचं तिथेच बस्तान बसलं. गज्जरांनी हे हेरलं. छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळा त्यांनी फाळक्यांना वापरायला मोकळी करून दिली. ठसे करण्याची आणि तीन रंगांत छपाई करण्याची कला शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवलं. कुठल्याही अभ्यासक्रमात हे बसत नव्हतं. प्राचार्याने एका विद्यार्थ्याचं वेड पाहिलं आणि खोली उघडून दिली, इतकंच.

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून दुकान थाटलं. गोध्रा सावलीपासून लांब नाही. प्लेगच्या साथीत तिथे त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परत आले. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत असल्याने धंदा चालेना. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, छपाईतलं नवं तंत्र पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारीत बिनसल्यावर छापखाना सोडला. वयाच्या चाळिशीत हातात काही नव्हतं. मुंबईच्या गिरगावात तंबूतल्या चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला तो या काळात. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे.

तिथून पुढे फाळक्यांनी जे केलं ते मी प्रत्येक विद्यार्थ्याला सावकाश वाचायला सांगेन. त्यांनी छोटा कॅमेरा आणि रिळं मिळवली. घरी मेणबत्ती आणि भिंग लावून चित्रं भिंतीवर पाडून पाहिली. रोज चार-पाच तास चित्रपट पाहू लागले, पडद्यावर काय घडतं यापेक्षा ते कसं घडवलं असेल याच्या मागे लागून. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचाराने ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये त्यांची ओळखपाळख नव्हती. ते थेट ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले, कारण ते साप्ताहिक ते मुंबईत वाचत होते. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना या भानगडीत पडू नका असं सांगितलं, पण माणूस खरा आहे हे दिसल्यावर त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थनी आपला स्टुडिओ त्यांना आतून दाखवला. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवून फाळके एप्रिलच्या आरंभी मुंबईला परतले. सगळा मुक्काम काही आठवड्यांचा. एवढ्यात ते शिकू शकले, कारण त्याआधीची वीस वर्षं बडोदा, रतलाम आणि जर्मनीत त्यांचा हात प्रकाश, रसायन आणि काच यांवर बसलेला होता. लंडनने फक्त राहिलेले सांधे जोडले.

मग आला वाटाणा. पैसे लावणाऱ्यांना पटवायचं होतं, आणि स्वतःलाही खात्री करून घ्यायची होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. अंकुर फुटतोय, देठ वर येतोय, वेल चढतोय, हे त्यांनी महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं टिपलं. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, उजेड सांभाळायचा, रीळ नीट जपायचं. सगळं एकामागून एक पडद्यावर चालवल्यावर महिन्याची वाढ डोळ्यांदेखत झाली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचं नाव. ती पाहून पैसे मिळाले. कच्च्या फिल्मला घरच्या अंधारात भोकं पाडण्याचं, ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि त्यांनी ते रात्री रात्री केलं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

वाटाण्याचं महत्त्व पैशापुरतं नव्हतं. पुस्तक वाचून माणसाला वाटतं, कळलं. कुंडीसमोर कॅमेरा ठेवल्यावर कळतं, की कळलं होतं की नुसतं वाटलं होतं.

या फरकावर मानसशास्त्राने अलीकडे नेमकं बोट ठेवलं आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोएडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि पुढच्या तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. विसरू लागलेल्या वाटेवर पुन्हा चालून गेलं की ती पक्की होते. आपल्याकडे परवचा म्हणवून घेणाऱ्या आजोबांना ही टक्केवारी माहीत नव्हती, तरी रोज संध्याकाळी पुस्तक मिटायला लावण्यामागे त्यांची समजूत हीच होती.

याच प्रयोगात एक धोका दडलेला आहे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. एकट्याने शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच: आपल्याला काय येत नाही, हे त्याला सांगणारं कुणी नसतं. मोबाइलवर उत्तम शिक्षकाचा व्हिडिओ पाहताना सगळं लोण्यासारखं उतरतं. व्हिडिओ बंद करून कोरा कागद पुढे घेतला, की पहिल्या ओळीलाच हात थांबतो.

कॅनडातल्या ॲलन टफ यांनी १९७१ च्या सुमारास मोठ्या माणसांना विचारलं, की गेल्या वर्षात तुम्ही ठरवून काय काय शिकलात. वर्षाला आठच्या आसपास गोष्टी निघाल्या, आणि बहुतेकांची आखणी शिकणाऱ्याने स्वतःच केलेली होती. माणूस उपजतच शिकणारा आहे, त्याला कुणी ढकलावं लागत नाही, हे त्यातून दिसलं. पण मग आज, जगातले उत्तम वर्ग फुकट खुले असताना, माणसं ते पुरे का करत नाहीत? हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन वर्गांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत आला. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी वर्ग एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी पुरा करणारे सुमारे ३ टक्के निघाले. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी फी भरून नाव पक्कं केलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होतं. फी भरणारा मुळात जास्त गंभीर असतो, हे त्यात धरायला हवं. तरीही मला बडोद्याची वर्गणी आणि परत जाणारी पेटी आठवते.

आपल्याकडे या बाबतीत चांगली सोय झाली आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी २००३ मध्ये एनपीटेल सुरू केलं. ‘स्वयम्’ हे सरकारी व्यासपीठ जुलै २०१७ पासून चालू आहे. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे वर्ग, दर आठवड्याला गृहपाठ, आणि हवी असेल तर केंद्रावर बसून द्यायची परीक्षा. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र फी. काही वर्गांची भाषांतरं मराठी आणि गुजरातीतही मिळतात. गज्जरांना जे हवं होतं त्याची ही सुरुवात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम्’मधून घेता येतात, संस्थेने मान्य केलं तर. म्हणजे आपला मुलगा किंवा मुलगी घरी बसून शिकली ते पदवीत मोजलं जाऊ शकतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फाळक्यांना हे मोजमाप नव्हतं. त्यांच्याकडे गज्जर होते.

आणि गज्जर मोजमापात येत नाहीत. वर्ग ऑनलाइन मिळतो, प्रयोगशाळेची किल्ली मिळत नाही. सावलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आसपास कारखाने आहेत, बडोद्याला विद्यापीठ आहे. या सगळ्यांकडे लेथ आहे, ऑसिलोस्कोप आहे, वेल्डिंगचं टेबल आहे, आणि संध्याकाळी पाचनंतर त्या खोल्यांना कुलूप असतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली उघडी ठेवली आणि एका अनुभवी माणसाला तिथे बसवलं, तर किती कुंड्या मांडल्या जातील! माजी विद्यार्थ्यालाही तिथे यायला मोकळीक हवी. पदवी मिळून दोन वर्षं झालेल्या, कारखान्यात घाम गाळणाऱ्या मुलाकडे जे प्रश्न असतात, ते पहिल्या वर्षाच्या मुलाकडे नसतात. त्या दोघांना एका टेबलापाशी बसू द्यावं.

आता त्या दाराच्या प्रश्नाकडे परत येऊ.

समजा, पाळी संपवून घरी आलेल्या एका मुलीने ठरवलं, की हा प्रश्न सोडवायचाच. पहिल्या संध्याकाळी ती फक्त प्रश्न वहीत लिहिते आणि स्वतःला काय माहीत आहे ते खाली लिहिते. दुसऱ्या दिवशी जुनं पुस्तक काढून एकसर जोडणी पुन्हा वाचते: एका तारेवर एकामागून एक खटके असतील, तर सगळे बंद केल्यावरच प्रवाह वाहतो. इथे तिला उलगडतं. प्रत्येक दाराला एक खटका, सगळे खटके एका ओळीत. शेवटचं दार लागलं की तार सलग होते आणि गाडीच्या मोटारला हलायची परवानगी जाते. एक जरी दार अर्धवट राहिलं तरी साखळी तुटते. रेल्वेच्या गाड्यांत ही व्यवस्था खरोखर अशीच असते, तपशील जास्त गुंतागुंतीचे असले तरी.

वाचून झालं. पण ती तिथे थांबत नाही. बाजारातून बॅटरी, चार खटके, छोटा दिवा आणि हातभर वायर आणते. जुन्या पाटीवर ते जोडते. चारही खटके दाबल्यावर दिवा लागतो. एक सोडला की विझतो. घरातला धाकटा भाऊ खटके वर-खाली करत बसतो आणि तिला सांगावं लागतं, हे दार, हे दार, हे दार आणि ही गाडी. त्याला सांगताना तिच्याच लक्षात येतं, की साखळी तुटली तेव्हा गाडी थांबते, म्हणजे वायर कुठे निखळली तरी गाडी थांबेलच. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल. हे पुस्तकात होतं, पण वाचताना डोळ्यांखालून गेलं होतं.

मग भाऊ एक खटका जोरात दाबतो आणि तो अडकतो. बोट काढलं तरी वर येत नाही. दिवा लागलेलाच राहतो.

ती वही पुढे ओढते आणि लिहिते: दार उघडं असून खटका अडकला, तर गाडीला कळणार कसं? एका दाराला दोन खटके लावले तर? दोन्ही अडकले तर? ते एकमेकांवर लक्ष कसं ठेवतील? पुस्तकात तिला हे सापडत नाही. व्हिडिओत थोडंसं सापडतं, पण नीट कळत नाही. शनिवारी तिची सुट्टी असते. कॉलेजात तिला कंट्रोल शिकवणारे सर शनिवारी दुपारपर्यंत असतात, हे तिला आठवतं. ती ती पाटी, दिवा आणि अडकलेला खटका पिशवीत घालते.